जुन्या भयपटांतला वेडा शास्त्रज्ञ नेमका कशामुळे वेडा ठरतो?

उंच मनोरा, बाहेर विजांचा कडकडाट, आत ठिणग्या उडवणारी यंत्रे, टेबलावर चादरीखाली झाकलेला देह आणि त्याच्याभोवती झपाटल्यासारखा वावरणारा पांढऱ्या डगल्यातला माणूस, हे दृश्य मूळ चित्रपट कधीच न पाहिलेल्यांनाही ओळखीचे वाटते. व्यंगचित्रांनी, जाहिरातींनी आणि मुलांच्या कार्टून मालिकांनी ते इतक्या वेळा उचलले आहे, की त्यामागे कधीकाळी काही गंभीर विचार होता याचा विसर पडावा. हा ‘वेडा शास्त्रज्ञ’ ज्या रूपात आपल्याला माहीत आहे ते रूप मुख्यतः हॉलिवूडमध्ये १९३१ ते १९३५ या चार-पाच वर्षांत घडले आणि पुढची तीसेक वर्षे काळाप्रमाणे बदलत राहिले. ‘देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये’ एवढेच हे चित्रपट सांगतात, असे सर्रास म्हटले जाते आणि पात्रांच्या तोंडची वाक्ये ऐकली तर ते पटतेही. परंतु कथानकात गाडी नेमकी कुठे घसरते हे बारकाईने पाहिले, तर निराळीच गोष्ट लक्षात येते. ज्ञान मिळवल्याची शिक्षा या माणसांना क्वचितच होते. शिक्षा होते ती दार लावून एकट्याने काम केल्याची, दुसऱ्याचे शरीर त्याला न विचारता वापरल्याची आणि आपण घडवलेल्या जीवाकडे पाठ फिरवल्याची.

या पात्राचे मूळ सिनेमाच्या कितीतरी आधीचे आहे. इटालियन शास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याने विजेच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचे पाय आखडतात हे दाखवून १७९१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा भाचा जोव्हानी आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनमध्ये, फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या कैद्याच्या प्रेताला वीज लावली, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. जीवन म्हणजे वीजच असावी की काय, हा प्रश्न त्या काळच्या सुशिक्षित युरोपात खरोखर चर्चेत होता. अशा वातावरणात १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत असताना अठरा वर्षांच्या मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली आणि १८१८ मध्ये ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. कादंबरीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा कुणी डॉक्टर किंवा सरदार नसून एक विद्यार्थी आहे, आणि प्रेतात जीव कसा ओतला हे तो वाचकाला सांगतच नाही. मनोरा, वादळ, साखळ्यांनी वर चढवलेले टेबल, यांतले काहीही पुस्तकात नाही.

सिनेमाने ही रिकामी जागा भरून काढली. त्याची पूर्वतयारी जर्मनीत झाली होती. रॉबर्ट वीनेच्या १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’मध्ये संमोहनाने दुसऱ्याकडून खून करवणारा डॉक्टर होता, आणि फ्रिट्झ लँगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये रॉटवांग नावाचा संशोधक होता, ज्याने आपला उजवा हात गमावून त्या जागी यांत्रिक हात बसवला होता आणि ज्याने गमावलेल्या प्रेयसीच्या ओढीने यंत्रस्त्री घडवली होती. विस्कटलेले केस, हातमोजा, चमकणाऱ्या नळ्या आणि वर्तुळाकार विद्युतप्रकाश हे सगळे रॉटवांगकडूनच पुढे आले.

युनिव्हर्सल कंपनीसाठी जेम्स व्हेल यांनी १९३१ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा या परंपरेचा पाया आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. चित्रपट सुरू होण्यापूर्वी एक नट पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना सावध करतो, की ही देवाचा विचार न करता आपल्यासारखा माणूस घडवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट आहे. म्हणजे तात्पर्य आधीच सांगून टाकले आहे. पण पुढे जे घडते ते या तात्पर्याशी पूर्ण जुळत नाही. हेन्री फ्रँकेन्स्टाइन (चित्रपटात त्याचे नाव व्हिक्टरऐवजी हेन्री आहे) विद्यापीठ सोडतो, कारण त्याला लागणारी मानवी प्रेते विद्यापीठ त्याला देणार नसते. तो एका पडक्या मनोऱ्यात जाऊन राहतो, रात्री स्मशानातून आणि फाशीच्या खांबावरून प्रेते पळवतो, आणि त्याच्या सोबतीला फ्रिट्झ नावाचा एकच कुबडा नोकर असतो. निर्मितीच्या रात्री त्याची वाग्दत्त वधू, मित्र आणि जुने गुरू डॉक्टर वॉल्डमन मनोऱ्यावर येऊन दार ठोठावतात, तेव्हा तो त्यांना आत घेतो आणि दाराला कुलूप लावून खुर्च्यांवर बसवतो. विज्ञानात साक्षीदार असावेत हे त्याला कळते, फक्त त्यांना तो सहकारी न मानता प्रेक्षक मानतो.

केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी उभारलेली विद्युत्यंत्रे इथे प्रथम कडाडली आणि ती इतकी परिणामकारक ठरली, की १९७४ मध्ये याच कथेचे विडंबन झाले तेव्हा त्यांचीच मूळ यंत्रे पुन्हा वापरली गेली. टेबल साखळ्यांनी छताच्या उघड्या झरोक्यापर्यंत चढते, वीज कोसळते, टेबल खाली येते आणि चादरीबाहेर लोंबणारा हात हळूहळू हलतो. कॉलिन क्लाइव्ह यांनी रंगवलेला हेन्री ‘जिवंत आहे, जिवंत आहे’ असे ओरडत सुटतो आणि देव असणे म्हणजे काय ते आता मला कळले, असे म्हणतो. पुढे अमेरिकेत चित्रपटांच्या नीतिसंहितेची १९३४ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि पुनःप्रदर्शनाच्या वेळी हे दुसरे वाक्य मेघगर्जनेच्या आवाजाखाली दडपण्यात आले. कित्येक दशके प्रेक्षकांनी ते ऐकलेच नाही.

या उन्मादानंतर थोड्याच वेळात एक शांत प्रसंग येतो आणि माझ्या मते तो निर्मितीच्या दृश्याहून महत्त्वाचा आहे. हेन्री आणि वॉल्डमन बोलत बसलेले असताना हेन्री गुरूंना विचारतो, की ढगांच्या आणि ताऱ्यांच्या पलीकडे काय आहे, झाडांना पालवी कशाने फुटते, हे जाणून घ्यावेसे तुम्हाला कधीच वाटले नाही का? असे बोलले की लोक वेडा म्हणतात, असेही तो म्हणतो. त्याचा स्वर इथे अत्यंत समंजस आहे आणि या क्षणी चित्रपट त्याच्या बाजूने उभा आहे. कुतूहलाला दिग्दर्शक दोष देत नाही. यानंतर बोरिस कार्लोफ यांनी साकारलेला जीव प्रथमच पडद्यावर येतो, हेन्री छताचा झरोका उघडतो आणि तो जीव वरून येणाऱ्या उजेडाकडे दोन्ही हात उंचावतो, जणू तो प्रकाश पकडता येईल. मेकअपकार जॅक पियर्स यांनी घडवलेल्या सपाट कवटीखाली आणि जड पापण्यांखाली एक नवजात मूल आहे, हे त्या हातांच्या हालचालीवरून कळते. तेवढ्यात फ्रिट्झ पेटता पलिता घेऊन आत येतो, जीव घाबरतो, आणि त्याला तळघरात साखळदंडांनी बांधले जाते. तिथे फ्रिट्झ त्याला चाबकाने आणि आगीने छळतो. जीव पहिला खून करतो तो या छळणाऱ्याचा, दुसरा त्याची चिरफाड करायला निघालेल्या वॉल्डमनचा. या काळात त्याचा निर्माता कुठे असतो? घरी जाऊन लग्नाच्या तयारीत.

निर्मिती निर्मात्यावर उलटल्याची गोष्ट निघाली की आपल्याला भस्मासुर आठवतो, आणि मराठी वृत्तपत्रांत हे दोन्ही संदर्भ एकमेकांऐवजी वापरलेले दिसतात. तरी दोहोंतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. भस्मासुर वर मागतो तेव्हाच असुर असतो. कार्लोफचा जीव डोळे उघडतो तेव्हा कोरा असतो आणि त्याला हिंस्र बनवणारे शिक्षण त्याला तळघरात मिळते.

चित्रपटात याच्या विरुद्ध जाणारा एक धागा आहे, तो मात्र लपवून चालणार नाही. फ्रिट्झ वैद्यकीय महाविद्यालयातून मेंदू चोरताना निरोगी मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी घेऊन येतो. कादंबरीत याचा मागमूस नाही. गुन्हेगारी जन्मजात असते आणि ती मेंदूत दिसते, ही समजूत त्या काळी अमेरिकेत केवळ लोकसमजूत नव्हती. ‘सदोष’ ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच वैध ठरवला होता. म्हणजे या चित्रपटातले सर्वात वाईट विज्ञान मनोऱ्यात नसून महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहात आहे, जिथे वॉल्डमन दोन बरण्या शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना फरक समजावतात आणि सगळे वही उघडून लिहून घेतात.

त्याच सुमारास या पात्राच्या इतर आवृत्त्या आल्या. रूबेन मामूलियन यांच्या १९३१ च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये शास्त्रज्ञ आणि राक्षस एकाच देहात आहेत आणि फ्रेड्रिक मार्च यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. जेकिलचा हाइड होतो ते दृश्य कॅमेरा न थांबवता चित्रित केले आहे, त्यामागची युक्ती साधी आणि सुंदर आहे. नटाच्या चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या आणि सावल्या रंगवल्या होत्या. कृष्णधवल फिल्मवर लाल काचेतून पाहताना त्या दिसत नाहीत, आणि भिंगापुढची काच सरकवून हिरवी आणली की त्याच रेषा काळ्या होऊन उमटतात. चेहऱ्यावर नवीन काहीच येत नाही, आधीपासून असलेले दिसू लागते, आणि ही कथाही नेमके तेच सांगते.

एच. जी. वेल्स यांच्या १८९६ च्या कादंबरीवरून आलेला ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ (१९३२) हा या सर्वांत क्रूर. चार्ल्स लॉटन यांचा डॉक्टर मोरो एका बेटावर प्राण्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांची माणसे बनवतो, आणि ज्या खोलीत हे चालते तिला ते जीव वेदनेचे घर म्हणतात. वेल्स यांनी पुस्तक लिहिले तेव्हा ब्रिटनमध्ये जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीवरून मोठा वाद चालू होता आणि त्यासाठी १८७६ मध्ये कायदाही झाला होता. बेटावर मोरोने रक्त न सांडण्याचा नियम घालून दिलेला असतो. आपले गुपित बाहेर फुटू नये म्हणून तो स्वतःच एका माणसाला ठार करण्याचा हुकूम देतो, आणि ज्या क्षणी नियम करणाऱ्यानेच नियम मोडला हे त्या जीवांना कळते, त्या क्षणी त्याची सत्ता संपते. ते त्याला उचलून त्याच वेदनेच्या घरात नेतात आणि त्याचीच शस्त्रे हाती घेतात. ब्रिटनमध्ये या चित्रपटावरची बंदी १९५८ पर्यंत उठली नाही.

व्हेल यांच्याच ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) बंद दाराचा मुद्दा सर्वात स्वच्छ मांडला आहे. ग्रिफिन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ अदृश्य होतो ते मोनोकेन नावाच्या एका काल्पनिक औषधामुळे, जे म्हणे भारतात उगवणाऱ्या एका फुलापासून काढतात. पाश्चात्त्य कथांना गूढ विष हवे असले की ते पूर्वेकडून यायचे, त्या जुन्या सवयीचा हा नमुना. ग्रिफिनच्या वरिष्ठांना एक जुने जर्मन पुस्तक आठवते, ज्यात ते औषध टोचलेला कुत्रा पांढराफटक पडून पिसाळल्याची नोंद आहे. इंग्रजी पुस्तके त्या प्रयोगाच्या आधीची असल्याने त्यांत फक्त रंग उडवण्याचा गुणधर्म दिलेला आहे. ग्रिफिनला वेडाबद्दल माहीतच नसावे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला त्याने एकदा विचारले असते, तर पुढचे मृत्यू टळले असते. क्लॉड रेन्स यांचा चेहरा प्रेक्षकांना अगदी शेवटी, काही क्षणांपुरता दिसतो.

१९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये दोष आणखी उघड होतो. हेन्रीला आता हे काम नको आहे, पण डॉक्टर प्रिटोरियस हा दुसरा शास्त्रज्ञ त्याच्या पत्नीला पळवून नेऊन त्याला भाग पाडतो. राक्षसाला सोबतीण हवी म्हणून एक स्त्री घडवली जाते. निर्माते आहेत, वर आहे, समारंभाची घंटाही वाजते, फक्त वधूला कुणी विचारलेले नाही. एल्सा लँचेस्टर यांची वधू त्या राक्षसाकडे पाहून किंचाळते आणि मागे सरते. या साऱ्या परंपरेत प्रयोगाच्या टेबलावरून इतका स्पष्ट नकार दुसऱ्या कुणी क्वचितच दिला असेल.

हे सगळे हवेतले होते असेही नाही. पॅरिसमध्ये सर्ज व्हॉरोनॉफ १९२० च्या दशकात तारुण्य परत आणण्याच्या नावाखाली श्रीमंत पुरुषांना माकडांच्या वृषणांचे तुकडे बसवत होते. कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निश यांनी १९३४ मध्ये मारलेल्या कुत्र्यांना पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले आणि त्यांची दृश्ये ‘लाइफ रिटर्न्स’ या चित्रपटात वापरली गेली. मात्र त्या दशकातला सर्वात भयंकर प्रयोग वृत्तपत्रांत झळकला नाही. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यात सिफिलिस झालेल्या ३९९ जणांना त्यांचा खरा आजार सांगितला नाही आणि पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. तो १९७२ पर्यंत चालला. तिथे मनोरा नव्हता, वादळ नव्हते, वेडा शास्त्रज्ञही नव्हता. होत्या फायली, पगारी डॉक्टर आणि वार्षिक तपासण्या. या चित्रपटांचे खरे अपुरेपण मला इथे जाणवते. संमतीविना केलेल्या प्रयोगाची भीती त्यांनी अचूक ओळखली, पण ती एका विक्षिप्त माणसाच्या डोक्यावर लादून संस्थांना मोकळे सोडले.

६ ऑगस्ट १९४५ नंतर दोष असा एकाच माणसावर लादणे अवघड झाले. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब कुणा एकट्याने मनोऱ्यात बनवलेला नव्हता. सरकारने, लष्कराने आणि हजारो शहाण्या माणसांनी मिळून तो बनवला होता. १९५० च्या दशकातला शास्त्रज्ञ म्हणूनच सरकारी तळावर दिसतो. ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ (१९५१) मधला डॉक्टर कॅरिंग्टन परग्रहावरच्या रक्तपिपासू जीवाची रोपे सहकाऱ्यांपासून लपवून रक्तद्रव घालून वाढवतो आणि ज्ञान हे प्राणांहून मोठे असे मानतो. तिथे चित्रपट सरळ सैनिकांची बाजू घेतो. ‘द फ्लाय’ (१९५८) मधला आंद्रे तर प्रेमळ कुटुंबवत्सल माणूस आहे, आणि पदार्थ एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवण्याच्या यंत्रात एकटाच शिरताना आत एक माशी आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही एवढेच.

या विषयावरचे सर्वात प्रगल्भ उत्तर जपानमधून आले, हे योग्यच म्हणायला हवे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो, प्रदर्शित झाला. त्यातला डॉक्टर सेरिझावा दिसायला थेट युनिव्हर्सलच्या वळणाचा आहे: एका डोळ्यावर काळी पट्टी, तळघरातली प्रयोगशाळा, काचेच्या टाक्या, एकांत. पाण्यातला प्राणवायू नष्ट करणारा एक भयानक शोध त्याने लावला आहे आणि तो त्याने जगापासून लपवला आहे. इथपर्यंत सगळे जुन्या चालीचे. पण लपवण्याचे कारण उलटे आहे. हा शोध राज्यकर्त्यांच्या हाती पडला तर त्याचे शस्त्र होणार हे त्याला माहीत आहे, आणि आपण कागद जाळले तरी आपल्या डोक्यातले ज्ञान कुणी ना कुणी काढून घेईल याचीही त्याला भीती आहे. उद्ध्वस्त टोकियोतल्या शाळकरी मुलींची प्रार्थना तो दूरचित्रवाणीवर ऐकतो आणि एकदाच तो शोध गॉडझिलाविरुद्ध वापरायला तयार होतो. तो सगळी टिपणे जाळतो, समुद्राच्या तळाशी स्वतः उतरतो, सोबतीच्या तरुणाला वर पाठवतो आणि आपली दोरी कापून टाकतो. हेन्री फ्रँकेन्स्टाइनने जी जबाबदारी झटकली, ती इथे एक शास्त्रज्ञ प्राण देऊन निभावतो.

युरोपने दुसरी वाट धरली. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ रंगीत काढला आणि कथेचा केंद्रबिंदू राक्षसावरून शास्त्रज्ञावर आणला. पीटर कुशिंग यांचा बॅरन हा नीटनेटका, सुसंस्कृत, बोलण्यात अदबशीर माणूस आहे, आणि चांगला मेंदू हवा म्हणून तो घरी पाहुणे आलेल्या वृद्ध प्राध्यापकाला जिन्यावरून खाली ढकलतो. १९७४ पर्यंत कुशिंग यांनी ही भूमिका सहा चित्रपटांत केली आणि दर वेळी राक्षस नवा होता, बॅरन तोच राहिला. जॉर्ज फ्रांजू यांच्या १९६० च्या फ्रेंच ‘आइज विदाउट अ फेस’मध्ये तर उन्माद पूर्ण नाहीसा होतो. डॉक्टर जेनेसिए हा नामवंत शल्यविशारद आहे, त्याच्या व्याख्यानाला प्रतिष्ठित श्रोते गर्दी करतात, आणि अपघातात चेहरा गमावलेल्या मुलीसाठी तो तरुण मुलींना पळवून त्यांच्या चेहऱ्यांची त्वचा काढतो. ती शस्त्रक्रिया चित्रपट संगीताविना, वैद्यकीय माहितीपटासारखी दाखवतो. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये आलेल्या, माणसांवरील प्रयोगांविषयीच्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम व्यक्तीच्या ऐच्छिक संमतीचे आहे, आणि तेरा वर्षांनी आलेल्या या चित्रपटाच्या प्रेक्षकांना ते खटले आठवत नसतील असे मानणे कठीण आहे.

ज्यांना ही परंपरा आता प्रथमच पाहायची असेल, त्यांनी व्हेल यांचे ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही लागोपाठ पाहावेत. दोन्ही मिळून अडीच तासांपेक्षा कमी वेळ लागतो. पहिल्या चित्रपटाची प्रत निवडताना कापलेली दृश्ये परत जोडलेली आहेत ना, हे तेवढे पाहून घ्यावे. तळ्याकाठी लहान मुलीसोबत राक्षस फुले पाण्यात सोडतो, आणि फुले संपल्यावर तीही फुलासारखी तरंगेल असे समजून तिला पाण्यात टाकतो, तो प्रसंग सेन्सॉरने अर्ध्यावर तोडला होता. तुटक प्रतीत राक्षस मुलीकडे हात नेतो आणि दृश्य संपते, त्यामुळे प्रेक्षक त्याच्याबद्दल प्रत्यक्षाहून कितीतरी भयंकर कल्पना करून घेतो. पूर्ण प्रतीत ती बुडाल्यावर तो गोंधळून, हात झाडत, पळत सुटलेला दिसतो.